ताईचा आवाज साफ करताना

आमच्या गोदामाच्या स्टोअरकीपरला सगळे कानसेन म्हणत. नाव त्याचे त्यानेच पाडले होते. आपल्याला गळा नाही, पण कान आहे, असे तो नोकरीला लागल्यापासून सांगत आला, तेव्हा लोकांनी त्याच्याच शब्दाने त्याला हाक मारायला सुरुवात केली. पुढे या नावाचा अर्थ बरोबर उलटा झाला तरी नाव तेच राहिले. उलटा झाल्याचे ऑफिसात सर्वांना माहीत होते, एकट्या त्याला सोडून.

गोदाम लोखंडी पाइप, व्हॉल्व्ह आणि जोडसामानाचे. पाइप मापाने कापून देण्याचे यंत्र अंगणात, स्टोअरच्या खिडकीला लागून, आणि खिडकीच्या आत कानसेनची खुर्ची. एकतीस वर्षे ती खुर्ची हलली नाही. पाइप कापताना असा आवाज निघे की गिऱ्हाईक रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राही. कापणारे दोघे कामगार कानांवर जाड झाकणे लावत. कानसेनलाही एक जोडी मिळाली होती. ती त्याने पिशवीसकट कपाटात ठेवून दिली. कान झाकून बसणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाने अर्धा इंच मागितला की पाऊण, हे काय कळणार, असे तो विचारी.

त्याच्या कामात मात्र खोट काढायला जागा नव्हती. एका वस्तूला एक जागा, एका जागेत एक वस्तू. दोन प्रती, दोन याद्या, असू दे लागेल कधीतरी म्हणून ठेवलेला तुकडा, या सगळ्याची त्याला चीड. "कच्चं ठेवलं की माणूस पक्कं करत नाही," असे तो म्हणे, आणि पक्की यादी झाली की कच्ची यादी स्वतःच्या हाताने फाडून मोकळा होई. नवा माणूस नोकरीला लागला की साहेब त्याला पहिल्या दिवशी कानसेनचे स्टोअर बघायला पाठवत.

घरी तो एकटाच. लग्न एकदा जुळत आले होते, पण मुलीच्या आवाजात किनरेपणा होता म्हणून आपण नकार दिला, असे तो सांगे. नकार मुलीने दिला होता, असे त्याची बहीण सांगे.

दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत त्याने भिंतींना रजया ठोकल्या होत्या. एक चांगला मायक्रोफोन, कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि इक्वलायझर नावाचे सॉफ्टवेअर. आवाजाचा जाड, मधला आणि बारीक भाग वेगवेगळा कमी-जास्त करायचे हे साधन. पडद्यावर एक आडवी रेघ असते. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक: 'स', 'श', श्वास, झांजेची किणकिण. रेघ जिथे वर ओढाल तिथला आवाज वाढतो, खाली ओढाल तिथला घटतो. घरी गाणे रेकॉर्ड करणारे हौशी लोक आपले काम त्याच्याकडे आणत आणि तो त्यावर शेवटचा हात फिरवून देई. याला मास्टरिंग म्हणतात. पैसे घेत नसे, त्यामुळे त्याच्या तोंडाला लगाम नव्हता. माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या एका निवृत्त पोस्टमनला तो म्हणाला होता की पत्रं वेळेवर पोचवलीत, सूर का पोचत नाहीत. गाण्याची आवड असलेल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "पेशंटला आ करायला लावता, आणि स्वतः गाताना दातखीळ बसल्यासारख्या गाता." बाई पुन्हा आल्या नाहीत. पोस्टमन येत राहिला, कारण त्याला दुसरे कोणी बोलायलाच नव्हते.

त्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेच्या मागे खऱ्या आवाजाचा डोंगर रंगात दिसतो. कुठला भाग किती आहे हे डोळ्यांना कळते. कानसेनने ती सोय बंद करून ठेवली होती. डोळ्यांनी ऐकायचं तर कान कशाला, असा त्याचा सवाल. आणि दर वर्षी त्याला जग थोडे अधिक मंद, पांघरुणाखालून आल्यासारखे ऐकू येऊ लागले होते. पांघरूण आपल्या कानावर आहे हे त्याच्या मनातही आले नाही. त्याला वाटे, हल्ली लोकच मंद गातात. म्हणून दर वर्षी तो उजवीकडची रेघ आणखी वर ओढी. त्याचे पाच वर्षांपूर्वीचे काम ऐकण्यासारखे होते. तीन वर्षांपूर्वीचे शेजारच्या खोलीतून ऐकण्यासारखे. त्यानंतरचे ऐकवत नसे.

हे आम्हाला पक्के कळले ते डिस्पॅच क्लार्कमुळे. त्याच्या फोनवर एक सोय होती, नुसता एकच सूर वाजवण्याची, हवा तेवढा बारीक. एकदा चहाच्या वेळी त्याने टेबलाखाली धरून तो सूर बारीक करत नेला. एका ठिकाणी सगळ्यांनी कानांवर हात नेले. बिल बनवणाऱ्या बाई तर उठूनच गेल्या. कानसेन बिस्किट बुडवत बसला होता. बिस्किट त्याने पूर्ण खाल्ले. मग हा खेळच झाला. कानसेन कोणाचे तरी गाणे लावून त्यातले दोष सांगू लागला की डिस्पॅचवाला टेबलाखाली सूर सोडी, आम्ही तोंडे वाकडी करू, आणि कानसेन खूश होऊन म्हणे, "बघा, तुम्हालाही खुपलं ना? हळूहळू कान तयार होतोय तुमचा." इतके हसू दाबावे लागे की एकदा साहेबांना ठसका लागला. साडेतीन वर्षे हे चालले. त्याला सांगावे असे कोणालाच वाटले नाही असे नाही. पण उद्या सांगू, असे म्हणायला उद्या नेहमीच असतो, आणि आज चहाबरोबर करमणूकही असते.

त्याच्या इमारतीत, बरोबर वरच्या मजल्यावर, त्याची थोरली बहीण राहत असे. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि ती पंधराची. तिने शाळा सोडली, शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या बायकांच्या रांगेत जाऊन बसली आणि याला बी.कॉम.पर्यंत शिकवले. तिला सगळा कारखाना ताई म्हणे, म्हणून आम्हीही ताईच म्हणत असू. नवरा लवकर गेला. एक मुलगी, ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते.

ताई गात असे. शिवणयंत्राच्या लयीवर तिने स्वतः केलेली गाणी होती. शब्द तिचे, चाल तिची. सगळी मिळून अकरा. एक सुपरवायझरच्या करकरणाऱ्या बुटांवर, एक हरवलेल्या बटणावर, एक धाकट्या भावाला ताप भरला होता त्या रात्रीवर. आवाज गोड म्हणता येणार नाही. नव्या कोऱ्या कापडासारखा होता; किंचित खरखरीत, पण अंगाला लागला की बरा वाटणारा. कारखाना बंद पडल्यावरही रांगेतल्या बायका तिच्याकडे येत आणि गाणी म्हणायला लावत. कोणी कधी लिहून घेतली नाहीत. गाताना कोणी फोन समोर धरला की ताई गप्प होई, त्यामुळे रेकॉर्डिंगही नव्हते.

सहासष्टाव्या वर्षी तिला गिळताना दुखू लागले. गाठ निघाली, स्वरयंत्राच्या खालच्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, आवाज अजून चांगला आहे हीच या गाठीची लबाडी. ती आवाजापर्यंत अजून पोचलेली नाही, पण पोचेल. स्वरयंत्र पूर्ण काढावे लागणार होते. ऑपरेशनला बारा दिवस होते. त्यानंतर ती जगेल, पण तिला आवाज नसेल. ना बोलण्याचा, ना गाण्याचा.

भाचीने त्याच संध्याकाळी आईसमोर फोन ठेवला. या वेळी ताईही तयार होती. तेवढ्यात कानसेन वर आला आणि त्याने फोन उचलून बाजूला केला. त्या डबीत माझ्या बहिणीचा आवाज भरायचा नाही, म्हणाला. बारा दिवस आहेत, मी करतो आणि नीट करतो. भाची म्हणाली, तू नीट कर मामा, पण हेही असू दे. दोन प्रती म्हटल्यावर त्याचे डोके फिरले. शेवटी ताईच म्हणाली, "करू दे गं त्याला. आयुष्यभर मीच याला काही ना काही देत आले. पहिल्यांदाच याच्याकडून काही घेतेय."

चार दिवस सकाळी रेकॉर्डिंग झाले. खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रीजसुद्धा बंद. फोनमुळे मायक्रोफोनमध्ये गुरगुर येते म्हणून भाचीचा फोन बाहेरच्या खोलीत. ती कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकत असे. ताईला त्याने उभे करून गायला लावले. बसून गाण्याची तिची पन्नास वर्षांची सवय. पाय नकळत शिवणयंत्राचे पायडल दाबल्यासारखे हलत, तर त्याने पायाखाली उशी दिली आणि वर ठणकावले की हा कारखाना नाही. दर दोन ओळींनी तो थांबवी. तिला गिळवत नव्हते, कोमट पाण्याचा घोट घेऊन ती पुन्हा उभी राही. सातवे गाणे त्याने नऊ वेळा गाऊन घेतले. आठव्या वेळी तिचा सूर जरा हलला तेव्हा तो म्हणाला, "गाठ घशात आहे ना तुझ्या? मग सुरात का अडकतेय?"

ताई हसली. भाची हसली नाही. त्या नऊ वेळांतली पहिली सर्वांत चांगली होती, असे भाची अजूनही सांगते. कानसेनने नववी ठेवली आणि बाकीच्या आठ तिथल्या तिथे पुसल्या.

अकरावे गाणे झाल्यावर ताईने सांगितले की मला एकदा ऐकव. उद्या ती दवाखान्यात दाखल होणार होती. स्वतःचा गातानाचा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. तो म्हणाला, कच्चं मी कोणालाच ऐकवत नाही. परत ये आणि पक्कं ऐक. तिने हट्ट धरला नाही. थकली होती.

ऑपरेशन ठीक झाले. ती दवाखान्यात असताना कानसेनने सतरा संध्याकाळी त्या गाण्यांवर काम केले. त्याला बहिणीचा आवाज फार दबलेला वाटला. तिच्या आवाजातली ती खरखर त्याला लहानपणापासून ठाऊक होती, आता तीच त्याला पांघरुणासारखी वाटू लागली. त्याने उजवीकडची रेघ वर ओढली. ती शेवटच्या खुणेला टेकली तरी त्याला हवे ते येईना, तेव्हा त्याने त्या इक्वलायझरवर दुसरा इक्वलायझर चढवला आणि त्याचीही रेघ टोकाला नेली. आता आवाज सगळा कॉम्प्युटरला पेलेल त्या मर्यादेच्या बाहेर जाऊ लागला, म्हणून मर्यादेबाहेर येईल तेवढ्याचे टोक छाटून टाकणारे आणखी एक सॉफ्टवेअर त्याने त्यावर बसवले. सतराव्या संध्याकाळी त्याला हवे ते ऐकू आले. अकरा गाणी, अकरा फाइली, ओळीने क्रमांक घातलेल्या. मग त्याने कच्चे सगळे पुसले आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी चहाला त्याने ते आम्हाला सांगितले. चेहऱ्यावर असा उजेड त्याच्या आम्ही कधी पाहिला नव्हता. पन्नास वर्षांचं पांघरूण काढलं ताईच्या आवाजावरचं, असे त्याचे शब्द होते. डिस्पॅचवाल्याचा हात टेबलाखाली होता, तो त्याने वर घेतला.

"आणि मूळचं?" त्याने विचारले.

"पुसलं," कानसेन म्हणाला. "कच्चं ठेवतो का मी कधी?"

आम्ही पाच जण होतो. डिस्पॅचवाला म्हणाला, छान. बाईंनी कप गोळा केले.

ताई घरी आली. तिच्या मानेच्या पुढच्या बाजूला भोक ठेवले होते, त्यात नळी, श्वास तिथूनच. बोलायचे असेल ते ती मांडीवरच्या वहीत पेन्सिलीने लिही. त्या रविवारी दुपारी कानसेनने गाणी ऐकवण्यासाठी चार माणसे बोलावली. आम्ही ऑफिसातले दोघे, ताईची कारखान्यातली मैत्रीण आणि पोस्टमन. भाची होतीच. त्याने खालून स्वतःचे स्पीकर उचलून वर आणले होते.

पहिल्या ओळीलाच मैत्रिणीचा हात कानाकडे गेला. तो तिने केसांवरून फिरवून परत मांडीवर आणला. ताईच्या आवाजातले कापड कुठेच नव्हते. जिथे 'स' येई तिथे शिट्टी, जिथे ती श्वास घेई तिथे पत्रा फाटल्यासारखा आवाज, आणि मध्ये एक बारीक, टोकदार, कोणाचाही नसलेला आवाज त्या ओळी म्हणत होता. बुटांचे गाणे संपले, बटणाचे सुरू झाले. भाचीने उठून आवाज कमी केला. कानसेनने तो पुन्हा वाढवला. पोस्टमन खाली बघत होता. त्याला आपल्या माउथ ऑर्गनचे काय झाले असेल ते तेव्हा कळले असावे.

"काच पुसल्यासारखं झालं ना?" कानसेनने विचारले.

ताईने वहीत काहीतरी लिहून त्याच्यापुढे धरले. त्याने ते सगळ्यांना वाचून दाखवले: आवाज कोणाचा आहे?

"अगं तुझाच," तो हसून म्हणाला. "ओळखू येत नाही ना? इतकी वर्षं झाकलेला होता, कसा येईल?"

भाचीने मूळ रेकॉर्डिंग मागितले. तो म्हणाला, नाही. तिने परत मागितले. तो म्हणाला, पुसलं. मग खोलीत फक्त गाणे चालू राहिले. तापाच्या रात्रीचे होते. ते संपेपर्यंत कोणी उठले नाही, कारण उठून जायचे कसे ते कोणाला सुचत नव्हते. ताई तेवढा वेळ भिंतीकडे बघत होती.

भाचीने जे करता येईल ते केले. गाणी एका खऱ्या स्टुडिओत नेली. तिथल्या माणसाने ती ऐकली, पडद्यावर आवाजाचा आकार पाहिला आणि विचारले की हे कोणी केले. वाढवलेलं कमी करता येईल, पण टोकं छाटली गेली आहेत, ती कुठून आणू, असे तो म्हणाला. मूळ असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. मग मामा गोदामात असताना तिने त्याच्या घराची किल्ली घेऊन त्याची डिस्क पुसलेल्या फाइली परत काढणाऱ्या माणसाकडे नेली. त्याने दोन दिवस खपून जे काढले ते माउथ ऑर्गनचे तुकडे होते. ताईच्या फाइलींच्या जागेवर कानसेनने तोवर गोदामाच्या मालाच्या याद्या ठेवल्या होत्या.

शेवटी ती आमच्या ऑफिसात आली. मामा स्टोअरमध्ये होता, यंत्र चालू होते. तिने विचारले की रेकॉर्डिंगच्या दिवसांत त्याने तुमच्यापैकी कोणाला एखादा तुकडा पाठवला होता का. कोणालाच नाही. ती उठणार, तेवढ्यात डिस्पॅचवाल्याला राहवले नाही. त्याच्या मनावर ओझे असावे. त्याने सुराची गोष्ट सांगितली. सांगताना बिस्किटापाशी आल्यावर सवयीने त्याला हसू आले, ते त्याने आवरले.

"किती दिवस?" भाचीने विचारले.

"दिवस नाही," तो म्हणाला. "साडेतीन वर्षं."

साहेब मध्ये पडले. त्याला वाईट वाटलं असतं, म्हणून कोणी बोललं नाही, असे त्यांनी समजावले.

"तुमचं हसायचं राहिलं असतं, काका," ती म्हणाली.

बिल बनवणाऱ्या बाईंना हे लागले. तू तर त्याच घरातली, तुला कसं नाही कळलं, असे त्यांनी विचारले. हेही खोटे नव्हते. दाराची बेल, ओव्हनचा बीप, तिची हाक, कशालाच मामा दाद देत नसे. पण तो आधीपासूनच कोणाला दाद देत नव्हता. ती उठून गेली.

घरी तिने आईला सांगितले की मामाला कानाच्या तपासणीला नेते. ताईने लिहिले, नको. भाची म्हणाली, एकदा ऐकू दे त्याला. ताईने लिहिले, ऐकून काय करेल? "काही नाही," भाची म्हणाली. "ऐकेल."

सरळ सांगितले असते तर तो गेला नसता. चष्म्याच्या दुकानाशेजारीच कान तपासण्याची जागा होती. तिथल्या बाईंना उत्तम कान आलेखावर कसा दिसतो ते बघायचंय, असे भाचीने त्याला सांगितले. तो नवा शर्ट घालून गेला. काचेच्या पेटीत बसून, सूर ऐकू आला की बटण दाबायचे. बराच वेळ त्याने बटण दाबलेच नाही. बाहेर येऊन त्याने विचारले की मधे यंत्र बंद पडलं होतं का. बाईंनी कागद पुढे केला. रेघ अर्ध्यापर्यंत बरी चालली होती आणि मग जिन्यावरून पडावी तशी खाली गेली होती. वरचं काही उरलेलं नाही, त्या म्हणाल्या; त्यांना रोजचेच होते. तुमचं यंत्र जुनं झालंय, तो म्हणाला. पण भाचीने सही करून आठ दिवसांच्या वापरासाठी श्रवणयंत्रांची जोडी घेतली, आणि ती त्याने लावली, कारण त्याला बाईंना खोटे पाडायचे होते.

घरी येताना तो रस्त्यात तीनदा थांबला. खिशातल्या किल्ल्या, स्वतःच्या चपला, कागदाची पिशवी, सगळ्याला आवाज होता. इमारतीच्या दाराशी त्याने भाचीला विचारले की चिमण्या परत कधी आल्या. त्या कुठे गेल्याच नव्हत्या. तिला तेव्हा एक क्षण वाटले की इथूनच त्याला त्याच्या घरी जाऊ द्यावे. हे तिनेच पुढे आम्हाला सांगितले. पण तिने त्याला वर नेले, आईसमोर खुर्चीत बसवले आणि सातवे गाणे लावले.

तो दीड मिनिट ऐकत होता. पहिल्या 'स'ला त्याचे डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. मग त्याने चाचपडत बटण शोधले आणि गाणे स्वतःच बंद केले. खोलीत आता ताईच्या गळ्यातल्या नळीतून येणारा श्वास ऐकू येत होता. इतके आठवडे तो तिच्याजवळ येऊन बसत होता. तो आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला. त्याने तिच्याकडे पाहिले. ती त्याच्याकडेच बघत होती, रागाने नव्हे. त्याला ताप भरला की बघत असे तशी, असे भाची म्हणाली.

त्याने दोन्ही यंत्रे कानांतून काढली आणि टेबलावर ठेवली.

"आवाज गेलेलाच होता तिचा," तो म्हणाला. "गाठ आवाजापर्यंत पोचली होती. मला रेकॉर्डिंगच्या वेळीच कळलं होतं, वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. होतं तेवढं मी वाचवलं."

 भाची म्हणाली, मोठ्याने, कारण आता त्याच्याशी तसेच बोलावे लागणार होते, "मी त्या खोलीत होते मामा. अकराच्या अकरा गाणी मी ऐकलीत."

"तू काय ऐकलंस? तुला कान आहे का?"

"आई कशी गायली ते मला माहीत आहे."

"मग दाखव ना," तो म्हणाला. "आहे का काही तुझ्याकडे? नाही ना? मग बोलू नकोस."

भाचीने वही आईच्या हातात दिली. लिही, म्हणाली, काय होता तुझा आवाज ते लिही याला. ताईने पेन्सिल घेतली. बराच वेळ ती कागदावर टेकवून धरली होती. कानसेन वाट बघत बसला होता. मग तिने एक ओळ लिहिली आणि वही त्याच्याकडे न देता मुलीकडे दिली. भाचीने वाचले: याला खाली सोडून ये.

मी जाईन माझा, असे म्हणून तो उठला. जिन्यात अंधार नव्हता, तरी त्याने कठडा धरला होता.

श्रवणयंत्रे मुदतीच्या आत परत गेली. सदोष आहेत, असे कानसेनने त्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिले. तो अजून कामाला येतो, खिडकीशीच बसतो. डिस्पॅचवाल्याने फोनवरचा सूर काढून टाकला आहे. आता चहाच्या वेळी कोणी फार बोलत नाही. ताईने तिच्या घरची ती गाणी मुलीकडून पुसून घेतली. एकच प्रत उरली आहे, कानसेनकडे. पाहुणा आला, नवे गिऱ्हाईक ओळखीचे झाले, की तो त्याला आतल्या खोलीत नेऊन ती लावतो. लावण्यापूर्वी सांगतो की गाणारी त्याची सख्खी बहीण, गळा तिचा तेव्हा पार गेलेला होता, तेवढं समजून ऐका.